ओढ्याकाठची फवारणी

लायब्ररीबाहेरची मतपेटी आठ वाजता बंद होणार होती. रांगेत मार्लिसच्या पुढे नासपतीच्या बागेवाले नवराबायको ऑर्विल आणि लोर्ना आपापल्या मतपत्रिकेचं बंद पाकीट धरून भांडत होते.

“एक्केचाळीस नंबरच्या प्रस्तावावर काय केलंस? ओढ्याकाठी फवारणी बंद?”

“सांगणार नाही.”

“म्हणजे ‘हो’च! बाग जाईल आपली, लोर्ना!”

“आणि ओढ्यातले सॅमन मासे गेले ते?”

“तीस वर्षं तू ‘हो’, मी ‘नाही’. दोघांची मतं कटतात, घरी बसलो असतो तरी तेच!”

“बडबड पुरे, पाकीट टाक!”

दोन्ही पाकिटं पेटीत पडली.

“आता सांगतो. यंदा मी ‘हो’ केलंय.”

“काय?”

“रोज पहाटे ओढ्यावर मासे मोजायला जातेस आणि कोरी वही घेऊन येतेस. बघवत नाही गं.”

“अरे देवा! ऑर्विल, मी ‘नाही’ केलं!”

“तू? का?”

“बाग गेल्यावर तू जगशील कसा, मूर्खा!”

“थांब, पेटी उघडायला सांगतो!”

“गप्प बस! लोक हसतायत.”

मार्लिस हसत नव्हती. एक्केचाळीस नंबरचा चौकोन तिनं कोराच सोडला होता. तिनं पाकीट फोडलं आणि मागे वळून विचारलं, “पेन आहे का कुणाकडे? लवकर!”