त्या होडीतले पिंजरे

मंडळी, म्होरं बसल्याल्या आयाबाया, आन् लोणंद-खंडाळ्याकडनं आल्यालं पावणं, समद्यास्नी रामराम.

मी हणमंत. आपल्या मच्छीमार संस्थेचा उपाध्यक्ष. फौजेत हुतो तवा साहेबाम्होरं उभं ऱ्हाऊन रिपोर्ट द्यायला जीभ कवा अडखळली न्हाई. आज अडखळतीया.

आपलं अध्यक्ष आप्पा जाऊन आज दहा दिस झालं. माझ्या आदी तिघं बोललं. संस्था कशी उभी केली ते बोललं, आप्पांचा सोभाव कसा हुता ते बोललं. चांगलं बोललं. पण आप्पांच्या मालकिणीकडं, वैनींकडं बघून एकबी बोललं न्हाई. समदी खाली मान घालून बोलत हुती. का, ते तुमास्नी ठावं हाय. मलाबी ठावं हाय.

पावण्यास्नी म्हाईत नसंल, म्हणून सांगतो. आमच्या धरणाच्या पाण्यात झिंगा घावतो. आमी त्यो पिंजऱ्यानं धरतो. सळीचा सांगाडा, वरनं जाळी, आत पेंडंचा गोळा. झिंगा आत शिरतो आन् त्याला भाईर यायची वाट घावत न्हाई. आसं आठ पिंजरं एका दोरीला बांधून तळाला सोडायचं. दोरीच्या वरच्या टोकाला तेलाचा रिकामा डबा, त्यो तरंगतो. पिंजरं समद्यांचं सारखंच, संस्थेनं एकदमच करून घेतल्यालं. कुणाचं कुठलं, ते फकस्त डब्याच्या रंगावरनं वळखायचं. माझा डबा लाल पट्ट्याचा.

आषाढ-सरावणात मादी अंडी धरती. तवा आमची बंदी आसती. ही बंदी वरनं कुणी आणली न्हाई, आप्पांनी आणली. आप्पा मूळचं म्हसवडकडचं. मेंढरामागं हिंडत हिकडं आलं, पाणी बघितलं आन् हितंच ऱ्हायलं. आमी बारा म्हैनं उपसत हुतो तवा ह्यो माणूस दारोदार फिरला. मला म्हणालं, "हणमंता, गाभण मेंढी कुणी कापतं व्हय रं?" मी म्हणालो, "आवं आप्पा, ही काय मेंढरं हाईत का? पाण्यातलं किडं ते." तर म्हणालं, "कळप त्यो कळपच. राखला तर ऱ्हाईल." आमी लय हसलो. मग लागोपाठ दोन सालं पिंजरं रिकामं वर आलं, तवा कुठं त्यांचं ऐकलं.

बंदी लागायच्या दिशी समद्यांनी पिंजरं भाईर काढून बाभळीखाली रचायचं. आप्पांनी ते कवा मोजलं न्हाईत. एकेकाच्या म्होरं यायचं आन् इचारायचं, "मागं काय ऱ्हायलं का?" आपुन म्हणायचं, "न्हाई." झालं काम. शब्दावर चालत हुतं समदं. आन् इचारायचं कारण आसं, की पाण्यात ऱ्हायल्याला पिंजरा बंदी पाळत न्हाई. झिंगा आत जातो, उपाशी मरतो. त्याला खायाला दुसरा आत येतो, त्योबी मरतो. कुणी वढायला नसलं तरी पिंजरा धरतच ऱ्हातो.

गेल्या साली सोपानचा एक पिंजरा मागं ऱ्हायला. सोपान, तू त्या खांबाजवळ बसलायस. चारचौघांत मी तुला काय काय बोललो ते तुझ्या ध्यानात आसंल. "दोरी तपासता येत न्हाई तर पाण्यात उतरू नगंस," आसंबी बोललो. आप्पा म्हणत हुतं, "जाऊ दे रं, माणूस हाय, चुकतंय." मी जाऊ दिलं न्हाई.

आता ह्या सालचं सांगतो. मधी बोलू नगा. मला एकदाच सांगता यील.

बंदीच्या चार दिस आदी पाणी झपाट्यानं चढलं. माझी दोरी आखूड पडली. गाठ जुनी हुती, ती सुटली. डबा गेला व्हाऊन. आठ पिंजरं तळाला आन् वर खूण न्हाई. मी दोरीला लोखंडी आकडा बांधून, टाकून टाकून धुंडलं. घावलं न्हाईत. बंदीच्या दिशी आप्पा माझ्याम्होरं आलं. म्हणालं, "मागं काय ऱ्हायलं का?" सोपान माझ्या शेजारीच उभा हुता. मी म्हणालो, "न्हाई."

लालूच न्हवती, मंडळी. लालूच आसती तर तुमास्नी कळली तरी आसती. लाज हुती. दुसऱ्याच्या दोऱ्या तपासणारा मी, माझीच गाठ सुटली हे सोपानम्होरं कसं सांगू? एवढ्यासाठी मी खोटं बोललो. एवढ्याशासाठी.

पुढं पंधरा दिसांनी मी लोणंदला गेलो हुतो. दुपारी घरी आलो तर दारात लाल पट्ट्याचा डबा. आमची मंडळी म्हणाली, "सकाळी आप्पा आलं हुतं. डबा ठिवला, च्या घेतला आन् गेलं." मी इचारलं, "काय बोललं?" ती म्हणाली, "काय न्हाई. तुमच्या गुडघ्याचं कसं हाय, तेवढं इचारलं."

डबा कुठंतरी काठाला लागला आसंल, त्यांनी वळखला आसंल. मला तितंच कळलं, की आप्पास्नी समजलं. आन् आप्पांचा सोभाव मला ठाऊक. ते कुणापशी बोलायचं न्हाईत, सोता जाऊन, आकडा टाकून पिंजरं काढत्याल. हेबी मला कळलं. मग मी काय केलं? हातपाय धुतलं. जेवलो. गुडघा दुखतोय म्हणून आडवा झालो. उद्या जाऊन आप्पांच्या पाया पडावं, आसं मनात म्हणालो.

मी आडवा पडलो हुतो तवा आप्पा पाण्यात हुतं. एकटंच. ह्या वयात.

काठाकडनं वरडा ऐकू आला तवा पळालो. होडी कलंडून आडवी झाल्याली. आत पाच पिंजरं, त्यात मेल्यालं झिंगं आन् अंडी धरल्याल्या चार-दोन जित्या माद्या. आप्पांच्या पायाला दोरी गुतल्याली. ती मी सोडवली, मंडळी. दोरी माझीच हुती.

मग काठावर कुणीतरी म्हणालं, "बंदीत पिंजरं? अध्यक्षच?" कोण म्हणालं ते मी सांगणार न्हाई, त्याचा दोष न्हाई. बिगर डब्याचं पिंजरं म्हंजी चोरीचं, आसंच कुणालाबी वाटंल. दिस मावळायच्या आत ती गोष्ट गावभर झाली. आप्पा आमास्नी बंदी सांगायचं आन् सोता चोरून वढायचं. मी तितंच हुतो. माझ्या हातात दोरी हुती. मी तोंड उघडलं न्हाई.

तिसऱ्या दिशी वैनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "भावजी, तुमी त्यांच्याबरुबर वावरलाय. खरं सांगा, ह्यांनी आसं केलं आसंल का वो?" आवं, चाळीस वर्सं संसार केल्याली बाई मला इचारतीया. मी काय म्हणालो? "वैनी, आता त्या गोष्टी कशाला?" आसं म्हणालो मी. त्या माऊलीचा इस्वास मी मोडून टाकला. आप्पांचा जीव घेतला ती चूक म्हणा, पण हे मी समजून उमजून केलंय.

वैनी, आता समद्यांदेखत सांगतो. ते पिंजरं माझं हुतं. आप्पांनी चोरी केली न्हाई. माझी चोरी झाकायला गेलं आन् तितंच ऱ्हायलं. मला माफ करा आसं मी म्हणणार न्हाई. तसं म्हणायला तोंड लागतं, ते मला न्हाई. उपाध्यक्षाचा राजीनामा लिवून आणलाय, पण त्यानं काय हुणार? माणूस तर गेला.

पुढच्या साली बंदी कोण पाळंल, ठावं न्हाई. एकेकाम्होरं जाऊन कोण इचारंल? आन् कुणी "न्हाई" म्हणालं तर त्याच्यावर इस्वास कोण ठिवंल? त्यो इस्वास मी खाल्ला. कळप राखणारा गेला, आन् उरलो आमी, माझ्यासारखं.

आता दोन मिनटं उभं ऱ्हायाचं हाय. वैनी, तुमी बसून ऱ्हावा. तुमच्याम्होरं उभं ऱ्हायाचं आमी हाय.

एकच ऱ्हायलं सांगायचं. माझी दोरी आठ पिंजऱ्यांची हुती. आप्पांनी पाच काढलं, पुढं दोरी तुटल्याली. तीन आजून तळाला हाईत. दहा दिस मी आकडा टाकतोय, घावत न्हाईत. आपुन हितं गप उभं ऱ्हाऊ, तवाबी ते धरत आसत्याल.

उठा, मंडळी.