नववी ‘अ’च्या नाटकातलं न लिहिलेलं वाक्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे ज्येष्ठ मार्गदर्शक आदरणीय आप्पासाहेब, मुख्याध्यापक बद्रीनाथ सर, व्यासपीठावर विराजमान संचालक मंडळी, माझे सहकारी शिक्षक, शिक्षकेतर बंधुभगिनी, पालक, आजी-माजी विद्यार्थी आणि सकाळपासून खुर्च्या लावून आता सगळ्यात मागं उभे असलेले आपले सेवक, आपणा सर्वांना पद्मजा सेलूकरचा सविनय नमस्कार.

आत्तापर्यंत सात वक्त्यांनी माझ्याबद्दल जे सांगितलं, ते ऐकताना मी दोन वेळा मागं वळून पाहिलं. वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी सत्कार चाललाय. बद्रीनाथ सर म्हणाले, ‘मॅडमना मुलांचं मन कळायचं.’ सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, या एका वाक्याला माझी हरकत आहे. चौतीस वर्षं मी मराठी शिकवलं. ‘कवीला काय म्हणायचं आहे ते तुमच्या शब्दांत लिहा’ हा प्रश्न किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, देव जाणे. पण दोन मुलांना काय म्हणायचं होतं ते मला सात वर्षं झाली तरी नीट कळलेलं नाही. आज त्यांचीच हकीकत सांगायची परवानगी मागते. दोघांना आधी विचारलं आहे, नावं घेऊ का म्हणून. त्यातला एक म्हणाला, “घ्या की मॅडम. लपवण्यासारखं झालंय काय? काही झालंच नाय.”

तर काही झालंच नाही, त्याची ही हकीकत.

दोन हजार अठरा-एकोणीसचं साल. आठवतंय ना? पाऊस पाठ फिरवून गेलेला, धरणाचा तळ दिसत होता, आणि शहर मात्र चारी बाजूंनी पसरत चाललं होतं. नव्या नव्या कॉलन्या, आणि नळाला सहाव्या दिवशी पाणी. मुलं दप्तरात दोन-दोन बाटल्या आणायची, एक प्यायला आणि एक वर्गाच्या माठात ओतायला. माझ्या नववी ‘अ’मध्ये ओवी धर्माधिकारी नावाची मुलगी होती. उल्कानगरीत राहायची, वडील श्रीधरराव विमा कंपनीत अधिकारी. निबंध असा लिहायची की तपासताना माझं पेन खाली राहायचं. आणि ऋतुराज नरवडे. मूळचा बिडकीनजवळचा. त्यांची शेती औद्योगिक वसाहतीत गेली आणि घरची मंडळी आपल्या शहराच्या कडेच्या सातारा परिसरात राहायला आली. हा मुलगा वर्गात एकच शब्द बोलायचा, ‘बरं’. गृहपाठ आणला नाहीस, उद्या आण. ‘बरं.’ बाकाबाहेर उभा राहा. ‘बरं.’

मधल्या सुट्टीत एक दिवस ही दोघं आणि आणखी चार-पाच जण एका मोबाईलवर डोकी टेकवून बसलेली सापडली. मोबाईल मी जप्त केला. पडद्यावर जपानी कार्टून. त्याला अ‍ॅनिमे म्हणतात हे मला ओवीनं सांगितलं, आणि उच्चार तीन वेळा सुधारून घेतला. शाळेतल्या एका मुलाची आणि मुलीची गोष्ट. प्रेमप्रकरण! घरी जाऊन तपासायचं म्हणून मी आमच्या मुलाकडून ते लावून घेतलं आणि पाहायला बसले.

काय सांगू तुम्हाला? बारा भाग पाहिले. मुलाचे केस निळे. मुलीचे डोळे बशीएवढे. चार भागांपर्यंत दोघं एकमेकांना आडनावानं हाका मारतात. पाचव्यात वर्ग झाडायची पाळी दोघांवर येते, तर ते खरोखर वर्ग झाडतात, वीस मिनिटं! नवव्या भागात तो तिला पहिल्यांदा नावानं हाक मारतो. शेवटी तो काहीतरी सांगायला तोंड उघडतो, तेवढ्यात आगगाडी जाते. संपलं! मी मुलाला म्हटलं, “अरे, एक भाग राहिला वाटतं.” तो म्हणाला, “नाही आई, एवढंच आहे.”

दुसऱ्या दिवशी ओरडायला म्हणून दोघांना बोलावलं, आणि ओरडायचं राहूनच गेलं. मी विचारलं, “यात तुम्हाला एवढं काय खरं वाटतं रे? निळ्या केसांचा माणूस पाहिलाय कुणी?”

ओवी म्हणाली, “मॅडम, ते दोघं जे बोलायचंय ते सोडून दुसरंच काहीतरी बोलतात. छत्रीबद्दल, गणिताच्या पेपरबद्दल. आपण पण तसंच करतो ना?”

“मी नाही करत,” मी म्हटलं.

मग ऋतुराज बोलला. ‘बरं’ सोडून बाकीचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. “मॅडम, त्या पोराला लई भ्या वाटतंय. पिच्चरमधल्या हिरोला भ्या वाटत नाय. आन् याला घरी काम असतंय. भावाला शाळेतून आणायचं असतंय. पिच्चरमधल्या पोरांना कधी कामच नसतंय.”

“पण शेवटी तो सांगतच नाही की!”

“नवव्या भागात सांगितलं की मॅडम.”

“नवव्यात फक्त नाव घेतलं त्यानं.”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला मोबाईल कसा उघडायचा हे दहाव्यांदा समजावताना मुलं पाहतात ना, अगदी तसं.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात नववी ‘अ’चं नाटक होतं. ओवीनं पंधरा मिनिटांची संहिता लिहून आणली. एक मुलगा, एक मुलगी, वर्गाचा माठ भरायची पाळी. दोघं बाटल्या ओततात, बोलतात, घंटा होते, जातात. बस्स. वाचून मी गोंधळले. यात संघर्ष कुठं आहे? कळस कुठं आहे? मी शिक्षिका आहे हो, मला कळस लागतो! म्हणून लाल पेनानं शेवटी एक वाक्य घातलं. मुलगा म्हणतो, ‘मला तू आवडतेस.’ त्यावर मुलगी म्हणते, ‘हे वय अभ्यासाचं आहे.’ त्यानंतर समूहगीत. प्रेमही झालं, बोधही झाला. ओवी म्हणाली, “मॅडम, याच्यामुळं सगळं खोटं वाटेल.” मी म्हटलं, “प्रेक्षकांना कळायला नको का?” कामं त्या दोघांनीच करायची ठरलं होतं, कारण माठ भरायची पाळी खरोखर त्यांचीच असायची.

संमेलनाचा दिवस. याच सभागृहात, याच रंगमंचावर. सगळं ठरल्याप्रमाणं चाललं होतं. ऋतुराजनं शेवटची बाटली ओतली आणि ओवीसमोर उभा राहिला. आता त्याचं वाक्य. मी विंगेत होते. तो गप्प. मी कुजबुजले, “मला तू आवडतेस.” गप्पच. मी जरा मोठ्यानं म्हटलं, “मला तू आवडतेस!” पहिल्या दोन रांगांना ते ऐकू गेलं आणि हशा पिकला. तो हशा विरल्यावर ऋतुराज म्हणाला,

“ओवी, तुमच्याकडं उद्या पाणी येणारंय का?”

वर्षभर तो तिला ‘धर्माधिकारी’ म्हणायचा.

ओवीनं त्याच्याकडं पाहिलं. म्हणाली, “नाही. परवा.”

तो म्हणाला, “बरं.”

आणि मंडळी, सभागृहात एकदम शांतता झाली. तीनशे पालक, लहान मुलं, सगळे चिडीचूप. समूहगीताच्या मुली आत यायच्या विसरल्या. पडदा पडला तेव्हा टाळ्या वाजल्या. मला मात्र वाटलं, पाठांतर नसल्यामुळं नाटकाचा बट्ट्याबोळ झाला.

दुसऱ्या दिवशी ओवीचे वडील श्रीधरराव मुख्याध्यापकांच्या खोलीत आले. आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, “मॅडम, ते पाण्याचं वाक्य तुमच्या संहितेत होतं?”

“नाही हो. माझ्या संहितेत ‘मला तू आवडतेस’ असं होतं.” हे बोलल्यावर लक्षात आलं की आपण स्वतःला आणखी खड्ड्यात घालतोय.

पण ते म्हणाले, “ते चाललं असतं. ते नाटक आहे. हे नाटक नव्हतं.”

बद्रीनाथ सर गोंधळून म्हणाले, “अहो धर्माधिकारी साहेब, मुलगा पाण्याबद्दलच तर बोलला!”

“सर, आमच्या गल्लीत सहाव्या दिवशी पाणी येतं. काल पाचवा दिवस होता. हे त्या मुलाला कसं माहीत? आणि पाणी आज येणार होतं, सकाळी आलंसुद्धा. मग माझी मुलगी ‘परवा’ का म्हणाली?”

आता मला सांगा, अशा वेळी शहाण्या शिक्षिकेनं काय करावं? मुलांना विचारावं. मी विचारलं नाही. मी घाबरले. मुलीच्या बापाच्या चेहऱ्यावरची काळजी मला दिसत होती, आणि ती खोटी नव्हती. मी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं, की जूनमध्ये दहावीच्या तुकड्या करताना ऋतुराज नरवडे यास ‘क’ तुकडीत घालावं. अक्षर माझं, सही माझी. सरांनी फक्त मंजुरी दिली.

जूनमध्ये ऋतुराज शिक्षकखोलीच्या दारात आला. “मॅडम, माझं काय चुकलं?”

“तुकडी बदलणं म्हणजे काही शिक्षा नव्हे,” मी म्हटलं.

तो म्हणाला, “बरं.”

जुलै उजाडला तरी पावसाचा पत्ता नव्हता. एका सकाळी आमच्या गल्लीत टँकर आला. चालकानं मला ओळखलं आणि खाली उतरून नमस्कार केला. “मी कडूबा नरवडे. ऋतुराजचा बाप.” शेती गेल्यावर त्यांनी टँकर घेतला होता, हे मला माहीतच नव्हतं. वर्षभर मुलगा माझ्या वर्गात होता आणि मला माहीत नव्हतं! मोठ्या कौतुकानं ते सांगायला लागले, “मॅडम, पोरगं लई हुशार. कोणत्या कॉलनीत कोणत्या दिवशी नळ येतो, सगळं भिंतीवर लिहून ठेवतंय. त्याच्यामुळं माझी एकबी खेप वाया जात नाय. पण तुमची तुकडी सुटल्यापासनं गप गप राहतंय. तुमी काही बोलला का त्याला?”

मी कळशी हातात धरून उभी राहिले. म्हणजे त्या मुलाला उल्कानगरीचाच काय, अख्ख्या शहराचा दिवस पाठ होता. ‘त्या मुलाला कसं माहीत?’ या श्रीधररावांच्या प्रश्नाचं उत्तर एवढं साधं होतं. मी कडूबांना म्हटलं, “नाही, मी काही बोलले नाही.” ते खरंही होतं. बोलायला हवं होतं तेव्हा बोलले नव्हते.

शाळा सुरू होऊन पंधरा दिवसच झाले होते. तुकडी परत बदलता आली असती. मी बदलली नाही. स्वतःचं पत्र स्वतःच मागं कसं घ्यायचं, लोक काय म्हणतील, या विचारात दिवस गेले. दहावीच्या संमेलनात ओवीनं नाटक लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “सुचत नाही मॅडम.” मराठीचा तास संपला की वर्गाच्या माठाजवळ ती एकटीच बाटली ओतताना दिसायची. ऋतुराज ‘क’ तुकडीच्या खिडकीशी बसायचा. परीक्षा झाली आणि तो वैजापूरला मामाकडं आयटीआय करायला गेला, ओवी पुढं इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला. दोघांमध्ये काही होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. जे काही होतं त्याच्या मध्ये मी एक भिंत घातली, एवढं नक्की.

गेल्या महिन्यात निमंत्रण द्यायच्या निमित्तानं मी दोघांना शोधलं. ऋतुराज आता बिडकीनच्या एका कारखान्यात आहे, त्यांची शेती होती त्याच शिवारात. घरी आला, चहा घेतला. मी धीर करून विचारलं, “तू वाक्य विसरला होतास का रे?”

“व्हय मॅडम.” मग कप खाली ठेवला. “नाय. पाठ होतं. तोंडातून निघंना.”

“मग पाण्याचं का विचारलंस? तुला तर सगळे दिवस ठाऊक होते.”

“म्हणून तर मलाबी कळत नाय,” तो म्हणाला. “उद्या येणार, हे माहीत होतं. तरी विचारलं.”

ओवीला पुण्यात नोकरी लागली आहे. तिला फोनवर विचारलं, ‘परवा’ का म्हणालीस? ती म्हणाली, “मॅडम, उद्या म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण त्या वेळी एवढा विचार केला होता का? माहीत नाही. आत्ता तुम्हाला सांगायला म्हणून सुचलं असेल.”

श्रीधररावांनाही मी फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, मी तेव्हा बरोबर होतो की चुकलो, मला अजून उमगलेलं नाही. माझंही नाव घ्या. एकट्यानं सगळं स्वतःवर घेऊ नका.”

ज्याला उत्तर माहीत होतं त्यानं प्रश्न विचारला, आणि जिला उत्तर माहीत होतं तिनं ते चुकीचं दिलं. उत्तरपत्रिकेत मी दोघांनाही शून्य दिलं असतं. पण त्या दिवशी तीनशे माणसं श्वास रोखून बसली होती. ती कशासाठी, हे त्या जपानी चित्रकारांना कळलं होतं, चौदा वर्षांच्या ओवीला कळलं होतं. मराठीच्या बाईंना कळलं नव्हतं. आणि खरं सांगते, आजही अर्धंच कळलंय.

सत्काराबद्दल संस्थेची, आप्पासाहेबांची, सरांची आणि आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. भाषणाच्या शेवटी, काही चुकलं असल्यास उदार मनानं सांभाळून घ्या, असं म्हणण्याची आपली रीत आहे. मला ती पाळता येत नाही, कारण ‘असल्यास’ म्हणायला जागाच उरली नाही. ऋतुराज, तुझं काही चुकलं नव्हतं, चुकलं माझं. ओवी, ते लाल पेनातलं वाक्य तुझ्या नाटकातून मी आज काढून टाकते. दोघांनी मला माफ करावं.

आणि एक नम्र विनंती. दोघंही आज या सभागृहात आले आहेत. एक जण तिसऱ्या रांगेत आहे आणि एक जण मागच्या दारापाशी उभा आहे. दुसरंही येणार आहे, हे मी दोघांनाही सांगितलं नव्हतं. बरोबर केलं की पुन्हा चूक केली, काही कळत नाही. तेव्हा हात जोडून सांगते, कृपा करून कुणीही वळून पाहू नये. बद्रीनाथ सर, तुम्ही सुद्धा. सरळ जेवायला जावं.

धन्यवाद.