हवा येणारा रेग्युलेटर

...आणि वर मलाच विचारतात, "केरू, त्यात निवडायचं ते काय असतं रे एवढं?" काय असतं! अहो, तुम्ही बाजारात साधा नारळ घेता तर चारदा कानाशी हलवून बघता, आणि मी त्यातून श्वास घेणार होतो, श्वास! पाण्याखाली! तिथं "अहो, जरा बदलून द्या" म्हणायला तोंड तरी रिकामं असतं का?

तुम्हाला सांगतो, रेग्युलेटर म्हणजे पंख्याचा नव्हे, गॅसचाही नव्हे, पाणबुड्याचा. पाठीवर हवेचा सिलिंडर, त्याच्या तोंडावर एक पितळी ठोकळा, ठोकळ्यातून एक रबरी नळी आणि नळीच्या टोकाला वाटीएवढा डबा. तो दातांत धरायचा. श्वास ओढला की सिलिंडरमधली हवा तोंडात. बस, एवढंच त्याचं काम. मला तरी दुसरं काय हवं होतं हो? नुसता श्वास!

आता तुम्ही म्हणाल, डोंगरातल्या माणसाला हे सुचलं कुठून? आमचं गाव संगमेश्वरच्या पार आत, समुद्र बघायचा तर एस्टी बदलून जावं लागतं. पण विहिरीत काही पडलं की पंचक्रोशीत हाक मला! कुणाची कळशी, कुणाचा पंप, एकदा तर एका नव्या जावयाची सायकल... ती विहिरीत कशी गेली ते विचारू नका, संसार मोडेल त्याचा. दम धरायचा, तळ गाठायचा, वर यायचं. तर रत्नागिरीत बंदरावर एक कंत्राटदार शेट आला, त्याला जेटीच्या खांबांना चिकटलेली कालवं खरवडायला पाण्याखाली जाणारा माणूस हवा होता. एकच! मी गेलो, आणि आमच्या खालच्या वाडीतला धोंडूपण गेला, तोही विहिरीत उतरणाराच. शेटनं दोघांनाही बुडवून बघितलं आणि म्हणाला, "दम दोघांचाही चांगला आहे. शिमगा झाला की या, ज्याला जमेल तो लागेल. सिलिंडर माझा, पण रेग्युलेटर आपापला आणा. मागच्या साली एकाच्या तोंडातला दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या तोंडातला तिसऱ्याच्या, सगळ्यांची तोंडं एकदम आली!"

मी म्हटलं, "नवा केवढ्याला पडतो?" त्यानं आकडा सांगितला आणि मी तिथंच, जेटीवर, कोरड्यात बुडालो. तर म्हणे, "जुना घे रे, पण बघून घे. डायाफ्राम बघ, सीट बघ, माउथपीस चावलेलं नसावं." मी आपला मान हलवतोय. त्यातलं मला चावलेलं तेवढं कळलं!

आणि हे काम मिळालं नाही तर काय? मुंबई! माझा मेव्हणा भागोजी, संपात त्याची गिरणी गेली, तेव्हापासून दारूखाना म्हणतात त्या तिथल्या धक्क्यावर मोडलेल्या बोटींच्या भंगारात लोखंड उचलतो. त्यानं बजावून ठेवलेलं, "भावोजी, शिमग्याला येतोय, तोवर तुमचं काय ठरलं नाय तर परत जाताना तुम्हाला घेऊन जाणार." म्हणजे गाववाल्यांच्या खोलीत पंधरा-वीस जणांत वळकटी, दिवसभर लोखंड, आणि राही इकडं, म्हातारा बाप इकडं, म्हैस इकडं. राही, म्हणजे माझी बायको, त्या दिवसापासून चुलीशी बसून नुसती भाकरी थापायची. टोपली भरली तरी थापतच! मला ते सोसेना हो. तिनंच म्हशीची रेडी विकायला काढली आणि पैसे माझ्या हातात ठेवले. म्हणाली, "काय तो श्वासाचा डबा घ्या, पण जाऊ नका."

बरं, मी भागोजीला पत्र टाकलं होतं, तर शिमग्याला तो पिशवीत दोन रेग्युलेटर घेऊन आला! भंगारातलेच, ठोकळ्याच्या तोंडाला रबरी टोपण घट्ट बसवलेले. "भावोजी, एक ठेवा, दुसरा मी कुणालातरी विकतो." एक काळा, मळका, डब्यावर पोचा, बघून जीव नकोसा व्हावा असा. दुसरा चकचकीत! पालखीतल्या चांदीसारखा! पैसे एकाचेच. निवडा!

निवडा म्हणे! कसा निवडू? सिलिंडर तिकडं बंदरावर, समुद्र तिकडं. मी दोन्ही ओटीवर मांडून बसलो, तेवढ्यात आमचे आप्पा, म्हणजे वडील, उठून आले. म्हणाले, "श्वास घ्यायचाच ना त्यातनं? मग घेऊन बघ! एवढं काय त्यात?" आणि स्वतःच काळा उचलून धोतराला पुसला, तोंडात धरला आणि ओढला. ओढतायत... ओढतायत... गाल आत, डोळे बाहेर, हवा काही येईना! फटकन काढला आणि म्हणाले, "मेलेला हाय ह्यो! ह्यात जीव नाय!" मग चकचकीत धरला. ओढला... आणि काय सांगू, चेहरा असा खुलला म्हाताऱ्याचा! दमेकरी माणूस तो. "वाऽऽ! मोकळी हवा येते रे! कशी फुरफुरते!" मग राहीनं ओढला, भागोजीनं ओढला, शेजारीपाजारी आले त्यांनी ओढला. अख्ख्या वाडीनं एकमुखानं सांगितलं, काळ्यातून हवा येत नाही, चकचकीतातून येते. मी ओढला, मलाही आली! आता तुम्हीच सांगा, तुम्ही कुठला घेतला असता?

तरी राही म्हणाली, "देवीला कौल लावून घ्या." बरोबर आहे, आमच्याकडं मुलीचं लग्न असो की विहिरीची जागा, देवीला विचारल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. गेलो देवळात. रामा गुरवानं देवीला ओल्या कळ्या लावल्या, उजवी पडली तर होकार, डावी तर नकार, रेग्युलेटर पुढ्यात ठेवला, त्यालाही जरा कुंकू लावलं, आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझं लेकरू पाण्यात उतरतंय, हा चकचकीत घेणार असेल तर उजवी कळी दे!"

पडली डावी.

आप्पा म्हणाले, "रामा, प्रश्न चुकला तुझा. चकचकीत म्हणून काय विचारतोस? नीट विचार, ज्यातनं हवा येते तो घेऊ काय?" विचारलं. टप्पकन डावी! आता राहीचा चेहरा उतरला, भागोजी घड्याळ बघतोय. पण आप्पा कसले ऐकतात! "आता असं विचार... आई, तो आम्ही घेतलाच, तर तू रागावणार नाहीस ना? नसशील तर उजवी दे." आणि पडली हो उजवी! "दिला! देवीनं दिला!" करून सगळ्यांनी हात जोडले. अहो, रागावणार नाही म्हणाली ती, बुडणार नाही म्हणाली नव्हती! पण ऐकतो कोण? मला नुसता श्वास हवा होता, आणि इथं श्वास सोडून बाकी सगळं मिळत होतं.

काळा कुणी घेतला माहीत आहे? धोंडूनं! त्याच्याकडं पैसेच कमी. भागोजीनं वाकडं तोंड करून निम्म्यात दिला. मला तर इतकी कीव आली त्याची, मी स्वतः त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "धोंडू, बाबा, नको घेऊस, त्यातनं हवा येत नाय." तो म्हणाला, "असू दे रे, परवडणारा हाच." राहीनं त्याला बिचाऱ्याला शेवयासुद्धा खाऊ घातल्या.

मग आला तो दिवस. जेटीवर शेट, धोंडू, मी, आणि भागोजी वळकटी बांधून तिथंच उभा, मी नापास झालो तर थेट उचलायला! पहिला मी. सिलिंडर चढवला, देवीचं नाव घेतलं, उतरलो. डोकं पाण्याखाली गेलं... आणि ओढला श्वास.

समुद्र आला!

हवा नाही हो, समुद्र! खारा! पुन्हा ओढला, पुन्हा समुद्र! वर आलो तो नाकातून, तोंडातून, डोळ्यांतून पाणी, आणि तेवढ्यात भागोजी काठावरून, "भावोजी, हवा येते ना?" अरे, हवा येते काय!

शेटनं माझ्या हातातून रेग्युलेटर घेतला, सिलिंडरवरून काढला, टोपण लावलं, नुसता तोंडात धरून ओढला आणि डोकंच धरलं. "अरे शहाण्या, सिलिंडर नसताना ह्यातून हवा येतेच कशी?" मी म्हटलं, "येते ना, शेट, छान येते! म्हणून तर घेतला!" म्हणाला, "कुठून येते ती? आतला पडदा, तो डायाफ्राम, फाटलाय, त्यातून बाहेरची येते! घरी बाहेर हवा होती, हवा आली. इथं बाहेर काय आहे?"

मी बघितलं. बाहेर अरबी समुद्र होता.

"सिलिंडरशिवाय ओढलास आणि काहीच आलं नाही, तोच धड," शेट म्हणाला. तेवढ्यात धोंडू तो काळा, मेलेला, जीव नसलेला तोंडात धरून खाली गेलासुद्धा. वर बुडबुडे येतायत... एकसारखे, शांत... मला अक्षरशः रडू आलं. खारं पाणी इतकं प्यालो होतो की कुणाला कळलं नाही. घरी हे सांगितलं तर आप्पा काय म्हणाले? "मी म्हणत होतो! देवीनं दोनदा नको म्हटलं होतं, पण तू ऐकशील तर शपथ!" मी! मी ऐकलं नाही!

नाही नाही, मुंबईला नाही गेलो. भागोजी एकटाच गेला. शेटला माझी दया आली असेल, म्हणाला, "खालच्या माणसाचा दोर धरायला वर एक जण लागतो. धर." आता धरतो. पगार धोंडूच्या निम्मा. धोंडूनं एकदा दोर हिसकला की ठीक, दोनदा हिसकला की ओढून काढ. येणारे-जाणारे म्हणतात, "केरूची मजा आहे, बसल्या जागी पगार!" मजा? अहो, त्याचे बुडबुडे जरा थांबले की माझ्या छातीत धस्स होतं! तो खाली सावकाश श्वास घेतोय, आणि इकडं अख्ख्या समुद्राचा वारा अंगावर घेऊन मी दिवसभर श्वास रोखून बसलेला... राहीला हे सांगितलं, तर ती ताटात मासा वाढत म्हणाली, "असू दे. संध्याकाळी घरी येऊन सोडता ना?"