उरलेला वेळ आणि द्वारकाबाईंची पोथी

बसा मंडळी, बसा. जरा सरकून बसा, मागच्यांना भिंत मिळू द्या टेकायला. पंखा वाढवा कुणीतरी. माझा घसा बसलाय, पेटीवाल्यांचे डोळे मिटायला लागलेत, आणि तबलजींनी मघाशी तोंड फिरवून जांभई दिली — दिली की नाही? दिली! असू द्या. दमलेल्यांनी दमलेल्यांपुढं करायचं कीर्तन आहे आजचं. जगदंबेचं नाव घ्या एकदा. मोठ्यानं नको, उगाच घसे कशाला फोडता? मनापासून घ्या. हां, झालं.

आता मला एक सांगा. पाटा-वरवंटा गेला, मिक्सर आला. चूल गेली, गॅस आला. बँकेच्या रांगा गेल्या, बोटानं पैसे जायला लागले. प्रत्येक वेळी आपण काय म्हणालो? "बरं झालं बाई, वेळ उरेल!" उरला ना? मग आहे कुठे तो? दाखवा मला! कुणाला विचारावं, "काय हो, येता का घरी?" — "छे हो, वेळच नाही!" अहो, एवढा वेळ उरवलात, मग तो जातो कुठे? खातं कोण? मला खरंच कळत नाही म्हणून विचारतोय. या, वहिनी, या — उशीर झाला? वेळ नव्हता! बघा, मी काय म्हणत होतो? बसा.

ऐका तर. कराडला द्वारकाबाई उपळेकर म्हणून एक बाई. यजमान वारलेले, लेकीजवळ राहायच्या. लेक अनुपमा — चाळिशीची, एकटी, हुशार, आणि फ्रीलान्सर. फ्रीलान्सर म्हणजे काय, ठाऊक आहे? डोक्यावर साहेब नाही, जायला ऑफिस नाही — आणि रविवारसुद्धा नाही! घरात बसून काम. काम काय, तर व्हिडिओत माणसं बोलतात ना, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि खाली मराठीत अक्षरं उमटवायची. दिवसभर परक्या माणसांचा शब्द न् शब्द कानात घ्यायचा! आज कुणी विमा सांगतोय, उद्या कुणी पाण्याची टाकी धुवायला शिकवतोय. अनुपमा ऐकतेय, लिहितेय. मान मोडून यायची पोरीची. चहाचा कप शेजारी गार व्हायचा, त्यावर साय धरायची, तो तसाच प्यायची.

द्वारकाबाईंचा एक नेम होता. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी चैत्रात कुळस्वामिनीच्या पोथीचा सप्ताह. रोज ठरलेले अध्याय. अध्याय सुरू झाला की मध्ये उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. घरात काय वाट्टेल ते होवो — एकदा म्हणे कुकरची शिट्टी उडून आमटी छताला लागली, बाई हलल्या नाहीत! असला नेम. आणि नेमकं त्या वर्षी चैत्राच्या तोंडावर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "आजी, वाचायचं नाही. वाकायचं नाही. थेंब वेळच्या वेळी घालायचे. हयगय केलीत तर डोळा माझ्या हातात नाही."

द्वारकाबाई काळा चष्मा लावून घरी आल्या आणि लेकीला म्हणाल्या, "अनू, औंदा पोथी तू वाचशील का गं? मी नुसती ऐकीन."

"वाचीन की आई! त्यात काय विचारायचं?"

म्हणाली खरी. मनात काय आलं? कधी वाचू? कामाचा ढीग पडलाय! आणि तिचा कॉम्प्युटर — काय सांगू! इंटरनेट ज्यातून उघडतात ना, त्याला ब्राउझर म्हणतात. तिचा तो ब्राउझर असा मंद, की एक पान उघडायला सांगावं तर मधोमध एक चक्र गरगर फिरत राहायचं. फिरतंय, फिरतंय… आणि ही हनुवटीला हात लावून बघत बसलीय. एखादे दिवशी लिहिलेलं सगळं गिळून मोकळा व्हायचा. पुन्हा पहिल्यापासून! रडकुंडीला यायची बिचारी.

तिची एक मैत्रीण होती, प्राची, हेच काम करणारी. तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं अनुपमा, अजून तोच वापरतेस? कमाल आहे तुझी! बदल आधी. नवा घे. निम्म्या वेळात काम होतं."

निम्म्या वेळात! मंडळी, अनुपमाच्या मनात पहिलं काय आलं असेल? खोटं नाही सांगत — आई आली. वाटलं, निम्म्या वेळात काम उरकलं, तर आईजवळ शांतपणे बसून पोथी वाचता येईल. पोरीचं मन चांगलंच होतं हो. ते आधी सांगून ठेवतो, नाहीतर घरी जाऊन तिला नावं ठेवाल.

बसवला नवा ब्राउझर. आणि काय सांगता! बोट लावलं की पान हजर. चक्र नाही, फिरणं नाही. सप्ताहाचा पहिला दिवस — काम दुपारच्या आतच उरकलं! हात-पाय धुऊन बसली, पोथी वाचली. द्वारकाबाई ऐकताहेत, मान डोलावताहेत. माय-लेकी इतक्या खूश, की संध्याकाळी शिरा झाला.

दुसऱ्या दिवशीही काम लवकर संपलं. उठणार, तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली — "आणखी एक काम उपलब्ध आहे." आता तुम्ही सांगा, हातात वेळ आहे, समोर काम आहे. सोडाल? नाही सोडणार! तिनंही नाही सोडलं. घेतलं. ते संपलं तर आणखी एक. पोथीला बसली तेव्हा डोळे चुरचुरताहेत, आणि वाचतेय कशी? बस सुटायला झाल्यासारखी! द्वारकाबाई नेम मोडून म्हणाल्या, "अनू, सावकाश गं. देवी काही पळून जात नाहीये."

अनुपमाला लागलं ते. खजील झाली. पण तोंडानं काय म्हणाली? "आई, मी दमते गं. तुला नाही कळायचं."

द्वारकाबाई गप्प बसल्या. जुनी माणसं लगेच गप्प बसतात, तो त्यांचा मोठा अवगुण आहे.

आणि मग त्या नव्या ब्राउझरमध्ये अनुपमाला एक बटण सापडलं! 'पान वाचून दाखवा.' दाबलं की आतून एक बाई बोलते, समोरचं पान घडाघडा वाचते. आणि पोथी? पोथी कुणीतरी इंटरनेटवर घालून ठेवलेलीच होती. झालं! जुन्या मोबाइलवर तोच ब्राउझर घातला, पान उघडलं, बटण दाबलं, मोबाइल आईच्या पुढ्यात पाटावर ठेवला. "आई, आता ही वाचेल. हात तेवढा लावू नकोस हं, बंद पडेल." आणि गेली आत. दार लोटलं. हेडफोन चढवले.

ती आतली बाई काय, जे दिसेल ते वाचणार. सुरुवातच केली — "मुख्यपान. आमच्याविषयी. संपर्क करा." आणि द्वारकाबाईंनी 'संपर्क करा'ला हात जोडले! हसू नका. मोठ्या भक्तिभावानं जोडले. पुढं अध्याय सुरू झाला. प्रत्येक ओवी झाली की ती बाई आकडा सांगायची, रेशनच्या रांगेत सांगतात तसा. द्वारकाबाई ऐकत होत्या. एक दिवस गेला, दुसरा गेला. अनुपमा सुटली! आता काय, आत काम, बाहेर पोथी — दोन्ही चालू! माणसाला यापरतं काय पाहिजे?

आता ऐका बरं का, इथं लक्ष द्या. तबलजी, तुम्हीसुद्धा. हा नवा ब्राउझर एवढा वेगानं का पळायचा? तर त्याची एक युक्ती होती. ज्या पानाला बराच वेळ कुणी हात लावला नाही, ते पान तो गुपचूप झोपवून टाकायचा. आणि अनुपमानं आईला काय सांगितलं होतं? "हात लावू नकोस!"

त्या दिवशी सकाळचं जेवण झालं, पोथी लागली, आणि अध्याय नेमका सगळ्यांत लांबचा. अर्ध्या अध्यायात ओवी तुटली. आवाज गप्प. द्वारकाबाई थांबल्या. आता सुरू होईल, मग होईल… नाही. डोळ्याला दिसत नाही, हात लावायचा नाही, अध्याय अर्धा, उठायचं नाही. काय करतील? एकदा हाक मारली. मध्ये बोलायचं नाही हा नेम मोडून मारली — "अनू…!"

अनू आत आहे. दाराच्या पलीकडे. तिच्या कानात एक गृहस्थ टाकी धुवायला शिकवताहेत, आणि ती त्यांचा एक शब्द सुटू देत नाहीये.

दुपार सरली. काम संपलं, आणखी आलेलं तेही संपलं. अनुपमा चहाचे कप घेऊन बाहेर आली, म्हणाली, "आई, झाली का गं पोथी?"

बघते तर काय! निरांजन विझून गेलेलं. आई खुर्चीत तशीच ताठ, हात जोडलेले, पाय सुजून आलेले. थेंबांची बाटली जागच्या जागी. चष्म्याखालून पाणी गळतंय. आणि आईनं ओठांवर बोट ठेवलं! "शूऽऽ… अध्याय चालू आहे."

"आई, आवाज कुठाय? कधीपासून बंद आहे हे?"

"थांबलीय ती जरा," द्वारकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "दमली असेल. रोज वाचतेय बिचारी. घोटभर पाणीसुद्धा नाही मागितलं गं तिनं."

"अगं आई, मशीन आहे ती!"

"ठाऊक आहे. मी काही खुळी नाही. पण वाचणारी दमली म्हणून ऐकणाऱ्यानं उठून जायचं का?"

अनुपमानं कप खाली ठेवले. आईच्या पायाशी बसली, थेंब काढले, डोळ्यात घातले — आईच्या डोळ्यात पडले, गालावरही पडले. रडत रडतच लाल फडक्यातली पोथी सोडली. "कुठं थांबली ती, आई? कुठली ओवी?"

आणि मंडळी, द्वारकाबाईंनी ती अर्धी ओवी म्हणून दाखवली. पुढची म्हटली. तिच्या पुढची म्हटली. कुठं अडखळणं नाही, काही नाही! अख्खी पोथी तोंडपाठ!

अनुपमानं पोथी मांडीवर ठेवली. "आई… तुला सगळी पाठ आहे? मग मला कशाला गं वाचायला सांगितलंस?"

द्वारकाबाईंनी चाचपून तिचं डोकं शोधलं, हात ठेवला. "तू त्या दारामागं असतेस. दिवसभर नुसती बोटं वाजतात तुझी. म्हटलं, सप्ताहाच्या निमित्तानं तुझा आवाज तरी कानावर पडेल."

…पाणी द्या हो मला जरा.

हां. डोळा वाचला द्वारकाबाईंचा. डॉक्टर रागावले, पण वाचला. अनुपमानं राहिलेला सप्ताह स्वतः वाचला, सावकाश. काम सोडलं का तिनं? छे! पोट आहे ना मागं. तोच ब्राउझर आहे, तसाच पळतो. त्याचा काय दोष? त्यानं वेळ काढून दिला होता हो, चोख काढून दिला होता! तो आईपर्यंत पोचवायचं काम ब्राउझरचं नव्हतं. दारापर्यंत यायचा तो वेळ, आणि "आणखी एक काम उपलब्ध आहे" म्हटलं की तिथूनच माघारी फिरायचा. खाणारा कुणी बाहेरचा नव्हता.

आता तुम्ही माझ्याकडं बघू नका, मी सांगणारा आहे. तुम्ही आपापलं बघा. इथं तासभर बसलात, छान ऐकलंत, माना डोलावल्यात, त्या वहिनींनी पदर डोळ्याला लावला. पण आत्ता, या घटकेला, तुमच्या घरी कोण बसलंय? कुणी तुम्हाला हाक मारली आणि तुमच्या कानात माझं कीर्तन होतं, असं तर नाही ना झालं?

आरतीला अजून अवकाश आहे. तबक यायचंय, कापूर शोधताहेत आत. आम्ही आहोत चौघंजण, म्हणू आम्ही आरती, आई जगदंबा काही रागवायची नाही.

उठा. जा घरी.

अहो, बसलात काय? जा!