‘पूर्वओळख नाही’ या ओळीची दुरुस्ती

पुरवणी जबाब
दिनांक १२ जानेवारी २०२५, रविवार. वेळ सायंकाळी ७ वाजून १० मिनिटे.

नाव : जीवन नत्थुजी भुयार. वय : ३६ वर्षे. धंदा : चष्म्याचे दुकान. राहणार : राजापेठ, अमरावती.

मी वरील नावाचा, आज ठाण्यात स्वतःहून हजर होऊन, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दबावाखाली नव्हे, सांगतो की –

मी वरील पत्त्यावर आई पार्वताबाई, वय ६४, हिच्यासह राहतो. वडील नऊ वर्षांपूर्वी वारले. बहीण दामिनी लग्न होऊन मूर्तिजापूरला असते. मी अविवाहित आहे.

आज दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी मी याच ठाण्यात माझी स्कूटर चोरीस गेल्याची तक्रार दिली. त्यात मी सांगितले की, गुलफाम खान कुर्बान खान, वय अंदाजे ३०, राहणार अकोला, हा आमच्या घरी शिलाई मशीन दुरुस्त करायला आला, सुटा भाग आणतो म्हणून स्कूटर घेऊन गेला आणि परत आला नाही. ‘सदर इसमाशी माझी पूर्वओळख नाही’ असेही मी सांगितले. पहिला भाग खरा आहे. शेवटची ओळ खोटी आहे. खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, हे हवालदार चंदा तायडे यांनी मला जबाब सुरू करण्याआधी समजावले आहे.

गुलफामचे वय अंदाजे ३० नसून ३१ पूर्ण आहे. त्याचा वाढदिवस ४ नोव्हेंबरला असतो. तो मूळचा बाळापूरचा. अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहतो आणि गावोगावी जाऊन शिलाई मशिनी दुरुस्त करतो.

आमची ओळख मागील नोव्हेंबरमध्ये मोबाईलवर झाली. पुरुषांनी पुरुषांना भेटण्यासाठी अ‍ॅप असते, त्यावर. अ‍ॅपचे नाव मी सांगत होतो, परंतु हवालदारांनी त्याची गरज नाही असे सांगितले.

हवालदारांनी विचारले की, ओळख होती तर अवघ्या साडेतीन तासांत त्याला चोर काहून ठरवलं. त्यावर सांगतो की, मी दोन वर्षांपासून सोबतीचे माणूस शोधत आहे. या दोन वर्षांत मला अनेक अनुभव आले. अकोल्याचे एक गृहस्थ पहिल्याच भेटीत विम्याची कागदपत्रे घेऊन आले व दीड तास विम्याबद्दल बोलले. दुसऱ्या एकाने चहा येण्याआधी माझी पोटजात विचारली आणि आपल्यात जमत नाही म्हणून उठून गेला. गजेंद्र नावाच्या इसमाशी माझे सात महिने बोलणे होते. आठव्या महिन्यात त्याने मला स्वतःच्या लग्नाची पत्रिका दिली व जरूर ये म्हणाला. मी गेलो. आहेर म्हणून भिंतीवरचे घड्याळ दिले. मंडपात त्याच्या आईने मला ‘तुझं कवा करतं बाबा’ असे विचारले होते.

हे ऐकून हवालदारांनी पेन खाली ठेवले व पाणी प्यायले. मीही प्यायलो.

मागील वर्षी ऑगस्टमध्ये एका इसमाने मला बडनेऱ्याला बोलावले. तेथे त्याचे आणखी दोन साथीदार होते. त्यांनी माझा मोबाईल व अंगठी काढून घेतली व घरी फोन लावू का असे विचारले. मी कोठेही तक्रार दिली नाही. अंगठी हरवली असे आईला सांगितले. तिने ती तीन दिवस मोरीत, माळ्यावर, तांदळाच्या डब्यात शोधली.

गुलफामला मी पहिल्यांदा ८ डिसेंबर रोजी अकोल्याला भेटलो. दुसऱ्यांदा २२ डिसेंबर रोजी मूर्तिजापूरला, कारण ते दोघांनाही अर्ध्यावर पडते. दामिनीकडे मात्र मी गेलो नाही. आम्ही स्टेशनात, शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीच्या बंद पडलेल्या रुळांकडच्या बाजूला, सकाळी ११ ते दुपारी ४ बसलो. काय बोलणे झाले असे विचारल्यावरून सांगतो की, विशेष काही नाही. तो माझ्या शर्टाची बाही उलटी करून म्हणाला, “ढिल्या दोऱ्यावर मारली हाय ही शिलाई. दोन धुण्यांत उसवीन.” मी त्याला म्हणालो की, तू दूरची पाटी डोळे बारीक करून वाचतो, तुला नंबर आहे. तो म्हणाला, “मले दिसते तेवढं पुरते.” नंतर त्याने मला विचारले की, तू सारखा मागं वळून काय पाहून रायला. मी त्याला बडनेऱ्याची गोष्ट सांगितली. ती मी याआधी कोणालाच सांगितली नव्हती. तो म्हणाला, “मंग आता तू घरीच बोलाव मले. घरी कोणी कोणाले लुटत नाही.”

आईची शिलाई मशीन दिवाळीपासून बंद होती. त्यामुळे दुरुस्तीच्या निमित्ताने मी त्याला आज घरी बोलावले. आईला मी तो कोण हे सांगितले नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाने नंबर दिला, असे सांगितले.

गुलफाम सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी घरी आला. आईने त्याला पोहे दिले. तो आईला मावशी म्हणाला व मशीन उघडून बसला. आई त्याच्याजवळ पाट घेऊन बसली. ती मशीन तिच्या माहेरची आहे. ती कोणत्या वर्षी घेतली, कोणकोणाचे कपडे तिच्यावर शिवले, हे आई त्याला सांगत होती आणि तो खाली मान घालून हो हो म्हणत होता. मी दारात उभा होतो. मला तेथे काही काम नव्हते.

मशीनचे शटल, म्हणजे खालचा दोरा अडकवणारा भाग, झिजले असून बदलावे लागेल असे त्याने सांगितले. आई म्हणाली, “आजच होते का? उद्या शेजारच्या तानुबाईच्या नातवाचं बारसं हाय, मले झबलं शिवाचं हाय.” तो म्हणाला, “करून देतो मावशी, आजच.” मी स्वतः त्याच्या हातात स्कूटरची चावी दिली. ११ वाजून ४० मिनिटे झाली होती. अर्ध्या तासात येतो, असे तो म्हणाला.

१२ वाजून १० मिनिटांनी मी फोन लावला. फोन बंद होता. त्याची बॅटरी सकाळपासूनच उतरली होती, हे मला आता समजले आहे. तेव्हा माहीत नव्हते. आईसमोर बेचैनी दिसू नये म्हणून मी दुकानात जातो असे सांगून बाहेर पडलो. आज रविवार असून दुकान बंद असते, हे आईला माहीत आहे. तिने काही विचारले नाही. मी मशिनींच्या दुकानांच्या गल्ल्या पायी फिरलो. नंतर माझ्या दुकानात जाऊन शटर अर्धे खाली ओढून बसलो व त्याला एकूण २६ वेळा फोन लावला.

१ वाजून ३० मिनिटांनी आईचा फोन आला. जेवायला ये म्हणाली. मी भूक नाही म्हणालो. ती पुढे काही सांगत होती, परंतु माझ्या आवाजावरून तिला कळेल म्हणून मी फोन ठेवला.

त्यानंतर बडनेऱ्याची गोष्ट डोक्यात फिरू लागली. त्यालाही ती माहीत होती, मीच सांगितली होती. मला लुटणे किती सोपे आहे आणि मी तक्रार देत नाही, हे त्याला ठाऊक होते. या वेळी द्यायची असे मी ठरवले आणि उठून येथे आलो.

तक्रार देताना मला चोराचे नाव विचारण्यात आले. मी नाव सांगितले. त्यानंतर मला फारसे काही विचारण्यात आले नाही. दहा मिनिटांत सर्व झाले. एवढे लवकर का झाले हे मला तेव्हाच कळले होते. तरी मी सही केली.

सायंकाळी ५ वाजून २५ मिनिटांनी गुलफामला अकोला रस्त्यावर नाकाबंदीत स्कूटरसह थांबवण्यात आले. स्कूटर अमरावतीच्या दिशेने येत होती. त्याच्या पिशवीत हत्यारे, कागदात गुंडाळलेले एक शटल व एक सुती झबले मिळाले.

त्याने सांगितले ते असे. अमरावतीत दोन दुकाने बंद होती, तिसऱ्यात त्या जुन्या मशीनचे शटल नव्हते. ते अकोल्याला त्याच्या खोलीवर होते. आईने त्याला चिठ्ठीवर स्वतःचा नंबर लिहून दिला होता. तिसऱ्या दुकानदाराच्या मोबाईलवरून १२ वाजून २० मिनिटांनी त्याने तिला फोन केला व अकोल्याहून सामान घेऊन संध्याकाळपर्यंत येतो असे कळवले. मी घरातून बाहेर पडून त्या वेळी पाच मिनिटे झाली होती. झबले त्याने रस्त्यात घेतले. मशीन वेळेत झाली नाही तर मावशीची अडचण होऊ नये म्हणून.

फिर्यादीला ओळखतो काय, असे त्याला नाक्यावर आणि नंतर येथे विचारण्यात आले. दोन्ही वेळा त्याने ‘नाही, मी फक्त मेकॅनिक आहे’ असे सांगितले. मोबाईल चार्ज करून दिल्यावर त्याने तो उघडून दाखवण्यास नकार दिला. त्यात आमचे दोन महिन्यांचे बोलणे आहे. ते दाखवले असते तर तो तेव्हाच सुटला असता. ते न दाखवल्याने त्याच्यावरचा संशय वाढला. हे मला हवालदारांनी ६ वाजून ४० मिनिटांनी फोनवर सांगितले व स्कूटर ओळखण्यासाठी बोलावले. तक्रारीनंतर मी पुन्हा दुकानात जाऊन बसलो होतो; हा फोन आला तेव्हा नुकताच घराच्या दारात पोहोचलो होतो व तसाच परत फिरलो.

मी आलो तेव्हा गुलफाम आतल्या खोलीत जमिनीवर बसलेला होता. त्याचा खालचा ओठ सुजला होता. तो कशाने सुजला हे मी पाहिलेले नाही, त्यामुळे सांगू शकत नाही. मी त्याच्यासमोर गेलो. तो मला म्हणाला, “साहेब, तुमची गाडी बरोबर हाय. पेट्रोल टाकलं हाय मी.” तो मला याआधी कधी साहेब म्हणाला नव्हता. त्यावर मी हवालदारांना म्हणालो की, माझा जबाब पुन्हा लिहून घ्या.

माझ्यामागोमाग आई ऑटोने ठाण्यात आली. ठाण्याचे नाव तिने माझ्या फोनवरच्या बोलण्यातून ऐकले होते. तिने हवालदारांना सांगितले, “त्यानं मले फोन केला होता दुपारीच. मी याले तेच सांगून रायली होती, तं यानं फोन ठेवून देल्ला.” मग मला म्हणाली, “मले विचारलं असतं तं काय झालं असतं रे?”

आईला मी याआधी कधीही काही सांगितलेले नाही. हवालदारांनी मला विचारले की, आईला बाहेर पाठवून दार लावून घ्यायचे काय. मी थोडा वेळ घेतला व नको म्हणालो. गुलफामला बाहेर आणून बाकावर बसवण्यात आले. आई त्याच बाकावर बसली. वरील मजकूर मी दार उघडे ठेवून सांगितलेला आहे.

अ‍ॅपचा उल्लेख आला तेव्हा मी आईकडे पाहिले. ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. गजेंद्रच्या लग्नाचा उल्लेख आला तेव्हा तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ते लग्न तिला माहीत आहे, घड्याळ तिनेच पसंत केले होते. अंगठीचे ऐकल्यावर ती उठून दारापर्यंत आली व परत जाऊन बसली. नंतर तिने पिशवीतून डबा काढला. त्यात ज्वारीची भाकर व तुरीच्या सोल्यांची भाजी होती. डबा तिने गुलफामच्या हातात दिला. मला विचारले नाही.

‘पूर्वओळख नाही’ या जागी काय लिहायचे, असे हवालदारांनी विचारले. मी मित्र म्हणालो. त्यांनी विचारले, “नुसतं मित्र लिहू? पाहा, एकदा लिहिलं का मंग पुन्हा पुरवणी घ्यावी लागते.” त्यावरून सांगतो की, एखाद्या घरी स्थळ पाहायला जातात, तसे आम्ही एकमेकांना पाहत होतो. आजची भेट तिसरी होती. माझ्याकडून पसंती आहे. त्याच्याकडून आजच्या प्रकारानंतर आहे किंवा नाही, हे मला माहीत नाही.

माझी स्कूटर चोरीस गेलेली नाही. चावी मी राजीखुशीने दिली होती. गुलफाम खान याच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. माझ्या खोट्या सांगण्यामुळे त्याला जे सोसावे लागले त्यास मी जबाबदार आहे, असे लिहावे, अशी मी विनंती केली. जबाबात असे लिहीत नाहीत, असे हवालदार म्हणाल्या. मी पुन्हा विनंती केल्यावर लिहिले आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. पसंतीच्या वाक्यापर्यंत आल्यावर हवालदारांनी विचारले की, हे वाक्य तपासाशी संबंधित नाही, ते खोडू काय. तेव्हा बाहेरून गुलफाम म्हणाला, “नका खोडू मॅडम. राहू द्या तसंच. मले बी अजून माहीत नाही.” त्याच्या तोंडात घास होता.

नंतर त्याने मला विचारले की, अकोल्याची बस नऊची आहे, स्टँडापर्यंत पायी येतो काय. मी येतो म्हणालो. स्कूटर कागदपत्रे झाल्यावर उद्या मिळणार आहे.

वरील मजकूर माझ्या, तसेच बाकावर बसलेल्या दोघांच्या कानावर पडेल असा वाचण्यात आला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला असून या वेळी त्यात काहीही खोटे नाही. म्हणून खाली सही केली आहे.

(सही) जीवन नत्थुजी भुयार
वेळ रात्री ८ वाजून ५ मिनिटे

समक्ष : चंदा तायडे, पोलीस हवालदार