बेसवर टेकवलेली बॅट

आमच्या दत्ताचं सांगतो. बहारीनच्या मीना सलमान बंदरात, वर्कशॉपमध्ये माझ्याबरोबर वेल्डर आहे, कुडाळचा. गावात टेनिस बॉल क्रिकेटचा हीरो. इथे फिलिपिनो सहकाऱ्यांनी आम्हाला बेसबॉलला ओढलं, आणि सलग पाच मॅच याच्या बॅटला चेंडू म्हणून लागला नाही.

सहाव्या मॅचला आम्ही एका रनने मागे, आणि शेवटचा गडी नेमका हाच. थर्ड बेसवर मी. दत्ताने बॅट फिरवली आणि चक्क लागली. मी धावत होम बेसला पोचलो, बरोबरी झाली म्हणून वळून बघतो तर हा बॅट घेऊनच पळतोय. फर्स्ट बेस दोन हातांवर असताना त्याने वाकून बॅट पुढे टेकवली, क्रीजमध्ये टेकवतात तशी. पण इथे पायच लागावा लागतो, आणि तो पोचायच्या आत चेंडू बेसवर आला.

अंपायर म्हणाला, "खलास." शेवटचा गडी फर्स्ट बेसच्या आधीच बाद, म्हणून माझी रनही गेली आणि मॅचही.

मी भडकलो. "अरे, मारल्यावर बॅट टाकून पळायचं असतं. एवढंही माहीत नाही तुला?"

दत्ता घाम पुसत म्हणाला, "म्हायत कसा असतला? ह्येच्या आधी बॉल लागलो खंय?"