विलायतेच्या निकालापर्यंतचा अबोला

इंग्रजांच्या कोर्टांचा विषय निघाला की मला निजामाच्या मुलखातल्या ईट गावचे दगडूअण्णा आठवतात. बार्शीकडच्या एका शेतावरून त्यांचा चुलतभावाशी दावा होता. तिकडं इंग्रजी अंमल, म्हणून अपील थेट विलायतेला गेलं. तिथला निकाल येईपर्यंत भावाशी बोलणार नाही, अशी अण्णांनी शपथ घेतली.

पुढं इंग्रज गेले आणि अपील दिल्लीच्या कोर्टाकडं आलं. त्यानंतर अण्णांच्या त्याच भावाच्या मुलीच्या लग्नाला गेलो, तर अण्णाच पंगतीत भात वाढत होते.

"अण्णा, दावा तर अजून चालू आहे ना?" मी हळूच विचारलं.

"चालू दे की, वकील बघतील. म्या शपथ विलायतेच्या निकालाची घेतलती. तिथनं आता निकाल यायचाच न्हाय. मग काय भावासंगं न बोलताच पोरीला सासरी धाडू व्हय?"